लाळेरं बांधलेला राजा

बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना हॉस्पिटलातून मरोळला माझ्या घरी आणलं, तेव्हा चार घास तरी घेत होते. मग तेही बंद. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. माझी तर वाटच लागली. एरवी मी बाबांना अहोजाहो करते, पण भरवताना गळ्यात लाळेरं बांधायचे आणि म्हणायचे, “आऽऽ कर बघू. शहाणं बाळ ना ते?” बाळ ढिम्म! वर मान फिरवायचं. राग यायचा हो, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी एका हातात पेजेची वाटी, समोर लॅपटॉप. मी कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवते आणि दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच व्यंगचित्रांवर तास होता. पडद्यावर एक जाडजूड राजा. डोक्याला टोपडं, गळ्यात लाळेरं, पाळण्यात कोंबलेला, आणि मंत्री त्याला चमच्याने भरवतायत. बाबा टक लावून बघत होते, म्हणून मी सांगत बसले, “मोठ्या माणसाची पत घालवायला शिव्या कशाला द्यायच्या? त्याला तान्हं करून टाकायचं. संपला तो.”

बाबांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. चांगला असलेला डावा हात उचलला आणि गळ्यातलं लाळेरं असं ओढलं की त्याचा बंदच तुटला.

अगं बाई! कापडगिरणीत मागाचे साचे चालवलेला, संपात सगळ्यांच्या पुढे उभा राहिलेला माणूस हा, आणि मी त्याला बाळ म्हणत होते.

मी लाळेरं उचललं, वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि चमचा डाव्या हातात दिला. अर्धी पेज सदऱ्यावर सांडली. सांडू दे! उरलेली तोंडात गेली. घोट गिळला. पुन्हा चमचा भरला.

मध्येच हात थांबला. आता पुन्हा काय? बाबांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच, एकेक अक्षर ओढत, त्यांच्या मालवणीत बोलले, “मीठ... खंय गो?”

“घालते, बाबा,” म्हटलं आणि ओट्याशी जाऊन आधी पोटभर रडले. मग मीठ घातलं.