आईंनी बेसमेंटमध्ये घासलेले चमचे

माझ्या सासूबाई तीन वर्षांपूर्वीच गेल्या असत्या. माझ्यामुळे.

आज सकाळी नागपूरहून फोन आला. आई झोपेतच गेल्या. नवरा फ्लाइट पकडायला निघालाय, आणि मी हे लिहितेय.

तेव्हा त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात, व्हिटबीला आल्या होत्या. जानेवारी. बाहेर उणे वीस, घराच्या खिडक्या गच्च बंद.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मैत्रिणी येणार होत्या. मी ड्रॉवर उघडला, तर चमच्यांवर चहाचे तपकिरी डाग.

"आई, चमचे जरा नीट घासत जा हो. लोक काय म्हणतील?"

फणकाऱ्यानेच बोलले मी. त्यांनी ड्रॉवर हळूच बंद केला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून लवकर आले. दार उघडलं आणि घशात काहीतरी टोचलं. स्विमिंग पूलचा असतो तसा वास, पण डोळ्यांतून पाणी काढणारा.

"आई?"

बूट न काढताच मी आत धावले.

वास बेसमेंटमधून येत होता. खालच्या वॉशरूमचं दार आतून लॉक. मी दार बडवत होते आणि आतून फक्त खोकला येत होता.

मग खोकलाही थांबला.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ते लॉक बाहेरून नाण्याने उघडतं. पर्समधून पंचवीस सेंटचं नाणं काढलं. खाचेत घालून फिरवलं.

आई टबला टेकून बसलेल्या. ओठ निळसर. समोर बादलीत चमचे. बाजूला व्हिनेगरची बाटली आणि ब्लीचची. दोन्ही एकत्र झाले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

श्वास रोखून त्यांना ओढत वर आणलं. पोर्चमध्ये, बर्फात बसवलं. ९११ ला पत्ता सांगताना मला स्वतःचा घर नंबर आठवेना.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावल्यावर दोन तासांनी त्या बोलल्या.

"चिंच सापडली नाही, म्हणून व्हिनेगर टाकलं. डाग निघेचनात. मग ते कपडे पांढरे करायचं पाणी टाकलं. बाटलीवर हाताच्या हाडांचं चित्र होतं ना, म्हणून ग्लोव्ज घातले की मी."

लेबल इंग्लिश आणि फ्रेंचमध्ये. आईंना त्यातलं चित्र तेवढं वाचता आलं.

"पण दार का लावून घेतलंत?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आली असती अन् डाग तसेच दिसले असते. भेव वाटलं तुझं."

हे मी नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. थंडी वाजते म्हणून आईने दार लावलं, असंच तो आजवर समजतो. आता हे त्याला पाठवतेय, एअरपोर्टवर वाचेल.

ब्लीचचा वास आला की अजून मी आधी खिडक्या उघडते. पण खरी भीती त्या वासाची नाही. माझ्याच घरात एक माणूस मला इतकं घाबरत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

आत्ता चहा केलाय, दोन कप. चमचा तसाच ओट्यावर ठेवलाय, न धुता.

आई, डाग राहू द्या.

मी काही बोलणार नाही.