भोंगा वाजला आणि मी कढई चढवली

टीव्हीवरचा तो टायवाला ओरडत होता की पंजाबातल्या हवाई तळावर क्षेपणास्त्र पडलं, रात्रभर भोंगे वाजतायत. माझी लेक त्याच तळावर वायुसेनेत होती, विमानांच्या दुरुस्तीला. तिचा फोन पहाटेपासून बंद.

नवरा सोफ्याच्या टोकाशी बसून तोच नंबर लावत होता. ड्यूटीवर जाताना फोन जमा करतात, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं. तरी लावत होता बिचारा. मग टीव्हीवर नकाशा आला आणि त्यावर लाल वर्तुळं. अणुबॉम्ब पडला तर कुठंपर्यंत काय जळेल, ते दाखवत होते. एक वर्तुळ बेंगळुरूवरही होतं, आमचं राजाजीनगर त्यात पुरतं आलं होतं. मेल्यांनो, हातात कंपास मिळाला म्हणून काहीही काढाल का? मी टीव्ही बंद केला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अक्का, माझी थोरली जाऊ, मागच्याच क्रॉसला, म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहते. धुवट साडी, हातात स्टीलचा डबा. आत आली आणि सोफा सोडून सरळ जमिनीवर बसली. माझा हात धरून रडायलाच लागली.

"अक्का, तुम्हाला कुणी काही सांगितलं का?"

"सगळ्या चॅनेलवर आहे गं. स्वल्प भात खाऊन घे. अंगात त्राण हवं."

डबा उघडला तर सार-भात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची घराणी इथं तीन-चारशे वर्षं राहिली, आम्ही निम्मं कानडी बोलतो, पण ही रीत काही सुटली नाही. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत. भाऊबंद सार-भात आणतात, आणि तेराव्यापर्यंत त्या घरात कढई चढत नाही. अक्का वाईट नाही हो. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली बाई आहे. पण माझ्या पोरीची काही खबर नसताना तिच्या नावाचा भात शिजवून आणायचा? हे मी का म्हणून सोसायचं?

"डबा झाका, अक्का. आणि जमिनीवरून उठा."

"अगं, मी आपलं मायेनं..."

"मायेनंच वर बसा."

मी स्वयंपाकघरात गेले. परातीत तांदळाचं पीठ घेतलं, त्यात रवा, तिखट, हिंग, मीठ. गौरी-गणपतीलाच निघणारी मोठी कढई काढली, तेल ओतलं आणि गॅस मोठा केला. कडकडीत मोहन पिठावर घातलं तसा चर्र आवाज झाला आणि नवरा धावत आत आला.

"काय चाललंय तुझं?"

"कोडबळी करतेय. तिला आवडतात. सुट्टीला येईल तेव्हा तयार असतील."

मग त्यानं रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, हात धुतले आणि माझ्याशेजारी भिजवलेल्या पिठाचे कडबोळ्यांसारखे वेढे वळायला उभा राहिला. जन्मात कधी वळले नव्हते त्यानं.

खरं सांगते, मी घाबरले होते. वेढ्याची टोकं काही केल्या जुळेनात. पण भीती वाटते म्हणून काय पोरीला मारून मोकळी होऊ? ज्याला बातमी द्यायचीय त्यानं माझ्या दारात येऊन द्यावी. तोवर या घरात तळण होणार म्हणजे होणारच! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वास घेऊन कानडीत विचारलं, आज काय विशेष? "लेक यायचीय!" मी खिडकीतून ओरडले, बाहेरच्या खोलीत बसलेल्या अक्कालाही ऐकू जाईल असं.

दुसरा घाणा तेलात असताना फोन वाजला.

"आई, मी. फोन आत्ता मिळाला."

"काय पडलं गं तिथं?"

"काही नाही पडलं. भोंगा वाजला, आम्ही खंदकात पळालो. रडारवर दिसला तो पक्ष्यांचा थवा होता म्हणतात."

"ऐकलंत का अक्का?" मी बाहेरच्या खोलीकडे ओरडले. "खोटा भोंगा! खोटा!"

"आई, तसं नको म्हणूस," लेक हळूच म्हणाली. "पळताना आम्हाला कुठं ठाऊक असतं?"

आणि तिच्यामागे भोंगा पुन्हा वाजायला लागला. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी माझ्या कानांनी ऐकला. कुणीतरी हिंदीत ओरडलं, बुटांचे आवाज, तिचा धापा टाकणारा श्वास, आणि फोन बंद.

तोही भोंगा चुकीचाच होता, हे संध्याकाळी तिचा मेसेज आल्यावर कळलं. त्या घटकेला आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. नवरा हातात पिठाचा गोळा धरून तसाच उभा. कढईतून करपल्याचा वास यायला लागला, तरी माझा हात उचलेना.

अक्का आत आली. डोळे पुसले, पदर खोचला, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि करपलेली कोडबळी बाजूला काढली.

"तिला तिखट जास्त लागतं ना गं?" तिनं विचारलं.

"लागतं," मी म्हटलं.

"मग पिठात अजून घाल."