झडतीवाली आत्या

माझी आत्या घड्याळांच्या कारखान्यात फाटकावर बायकांची झडती घ्यायची. पहिली नोकरी तीच आणि शेवटचीही तीच. घड्याळाचे सुटे भाग एवढेसे असतात की अंबाड्यात मूठभर मावावेत, आणि चपलेच्या टाचेत तर अख्खं दुकान. सुटीचा भोंगा झाला की बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि आत्याच्या हाताखालून बाहेर पडायच्या. तोंडावर सगळ्या तिला ‘बाई’ म्हणत, पाठीमागे ‘चाळणी’. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि तिचं काही बिघडत नव्हतं.

तिची एक रीत होती. पहिल्या बाईला हात लावण्याआधी ती स्वतःचे खिसे उलटे करून रांगेला दाखवायची. उद्या कुणी म्हणायला नको की माल हिनेच टाकला. साहेब हसायचे, बायका हसायच्या, पण तिने ते कधी सोडलं नाही.

आईवडील गेल्यावर मी तिच्याकडेच वाढले. मी खोटं बोलले की ती माझ्या डोळ्यांत बघत नसे, मानेकडे बघे. माझी मान लाल होते. माझ्याशी लग्न करू म्हणणाऱ्या एकाला तिने असे काही प्रश्न विचारले की तो पाण्याचा पेला तसाच ठेवून उठला. पुढे तो दुसऱ्या दोघींचे पैसे बुडवून पळाला, ते सोडा. सांगायचं एवढंच, की संशय आमच्या घरात वारशाने आला आणि मी तो वाढवला.

आता तिची आठवण चालली आहे. संशय मात्र शाबूत आहे. चष्मा मी चोरते, उशी मी बदलते, आणि तिची खरी भाची कुठे आहे ते मी सांगत नाही. मी ऐकून घेते. दुसऱ्या कुणाचं असं ऐकून घेतलं असतं का, देव जाणे.

मागच्या वर्षी तिला ताप चढला म्हणून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलं. नाव नोंदवायच्या खिडकीवर मी खरं ते सांगितलं, की हिला विसरण्याचा आजार आहे. झालं. त्यानंतर तिला कुणी काही विचारलंच नाही. ‘नातेवाईक बाहेर’ म्हणून मला घालवलं. ती हात झटकत होती, सलाईन ओढत होती, म्हणून दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधली आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. दाराबाहेर मला तिचा आवाज येत होता. “मी काही घेतलं नाही. मी काही घेतलं नाही.” जन्मभर दुसऱ्यांना तपासणारी बाई आपण चोर म्हणून धरले गेलो असं समजून रडत होती. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. परवा तिला उलट्या सुरू झाल्या, डोळे जड झाले, चालताना एका बाजूला झुकायला लागली. जवळ दुसरं इस्पितळ नाही, म्हणून पुन्हा तिथेच जावं लागलं. पण वाटेतच ठरवलं होतं, या वेळी तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

“कानाने जरा कमी ऐकतात,” मी खिडकीवर सांगितलं. मान पदराने झाकून.

तपासायला तरुण डॉक्टर आला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. मला तेही खटकलं. मागचा असाच गोड बोलला होता. मागे एक थोराड सिस्टर उभी होती, आमच्याकडे बघत. ती काय बघते आहे, ते मी बघत होते.

“आजी, पडलात का कुठे?”

“मी? मी कशाला पडू?” आत्या ठणकावून म्हणाली. फाटकावरचा तोच आवाज.

“गोळ्या काही चालू आहेत?”

“मला काय धाड भरलीय गोळ्या खायला?”

खरी गोष्ट अशी, की रक्त पातळ करणारी गोळी ती रोज माझ्या हातून घेते. आणि आदल्या दिवशी न्हाणीघरात धप्प आवाज आला होता. मी धावले तेव्हा ती खाली बसलेली होती. “बादली पडली,” म्हणाली. बादली जागच्या जागी उभी होती.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे हिच्या बोलण्यावर जाऊ नका असं सांगायचं, आणि तसं म्हटलं की पट्ट्या येणार. मी गप्प बसले. डॉक्टरने तिच्यावर विश्वास ठेवला. त्याचं काय चुकलं? एवढ्या ठाम बाईवर कुणीही ठेवला असता.

“पोट बिघडलंय. एक सलाईन देऊ, मग घरी न्या,” तो म्हणाला.

तेवढ्यात आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत, पण काम होतं.

“हिला सोडू नका,” ती सिस्टरला म्हणाली. “ही काहीतरी लपवतेय. मान बघा तिची.”

पदर केव्हाच खाली आला होता. सिस्टरने बघितलं. डॉक्टरनेही बघितलं. मग मात्र मला आवरेना. विसरणं, गोळी, धप्प आवाज, मागच्या वर्षीच्या पट्ट्या, सगळं एका दमात ओकले.

डॉक्टरचा चेहरा उतरला. तो लगेच डोकं तपासायला वाकला, तर आत्याने त्याच्या हातावर फटका मारला. आता पट्ट्या येणार, म्हणून मी खाटेच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले.

“नेहमी अशाच असतात, की कालपासून?” सिस्टरने मला विचारलं.

मागच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं. “संशयी नेहमीच. पण ही झोप, हे झुकणं, कालपासून.”

“आणि नोकरी कसली करायच्या?”

आता हे हिला कशाला हवंय, असं मनात आलं. तरी सांगितलं, खिशांच्या रीतीसकट. सिस्टर खाटेसमोर गेली, आपल्या कोटाचे दोन्ही खिसे उलटे केले आणि हात पसरून उभी राहिली. एक पेन, एक रुमाल, खोकल्याच्या दोन गोळ्या.

“बाई, आधी माझी झडती घ्या.”

आत्याने घेतली. नीट, खांद्यापासून. मग डॉक्टरची घेतली. तोही निमूट उभा राहिला, कानापर्यंत लाल होऊन. त्यानंतर तिने स्वतःहून डोकं पुढे केलं. कानामागे केसांत सुपारीएवढं टेंगूळ होतं. मी दोन दिवस तिचे केस विंचरले नव्हते.

डोक्याचा स्कॅन काढला, तेव्हा आत रक्त साकळलेलं दिसलं. घरी नेली असती तर सकाळ दिसली नसती, हे डॉक्टरने सांगितलं नाही, पण मला कळलं. पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उतरवून रक्त थांबवायचं औषध सुरू झालं. ऑपरेशन लागेल की नाही ते उद्या ठरणार होतं, तोवर तिने सलाईन ओढू नये म्हणून तिचे हात शांत राहायला हवे होते.

मी सिस्टरला विचारलं, “मागच्या वर्षी हिला इथे कुणी बांधलं होतं?”

ती म्हणाली, “मीच बांधलं असेल. आठवत नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनाच बांधायचो.”

मला तिची चीड आली, आणि खोटं बोलली नाही म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

“आता माझी पाळी संपली,” ती म्हणाली. “दुसरी सिस्टर येईल. खिशांचं तिला सांगून ठेवलंय.”

“आणि तिने नाही ऐकलं तर?”

सिस्टरने कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि आत्याच्या उशाशी आणून ठेवली.

“म्हणून तर तुम्हाला बाहेर काढलं नाही. बसा इथे, आणि नजर ठेवा आमच्यावर.”