शिकारीला नाही म्हणणारी बाई

दुबईत अल कुसैसमध्ये माझं प्रदर्शनांचे स्टॉल बांधायचं वर्कशॉप आहे. सुतारकाम, रंग, छापील पॅनेल, दिवे, सगळं आम्हीच करतो. अठरा वर्षांत या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली, असं मी अभिमानाने सांगायची: समोर चार माणसं येऊन बसली की त्यांतला निर्णय घेणारा कोण, हे मी चहा यायच्या आत ओळखते. जो सगळ्यात जास्त बोलतो तो बहुधा नसतो. ज्याच्याकडे बाकीचे बोलता बोलता चोरून बघतात, तो असतो. मग मी पुढची बोलणी त्याच्याकडे बघून करते आणि काम मिळतं.

काही वर्षांपूर्वी अबूधाबीतल्या शिकारीच्या प्रदर्शनासाठी आफ्रिकेतल्या एका सफारी कंपनीचं काम आमच्याकडे आलं. या प्रदर्शनात ससाणे असतात, घोड्यांची खोगिरं असतात, वाळवंटात लावायचे तंबू असतात आणि एका हॉलमध्ये शिकारीच्या सफारी विकणाऱ्या कंपन्या असतात. जीपमधून फोटो काढत फिरायची सफारी नव्हे. परवाना काढून, पैसे भरून जनावर मारायची. माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मुलगी तेव्हा बारावीत होती. माझ्या लॅपटॉपवर आठ फुटी सिंहाचं पॅनेल बघून ती म्हणाली, "आई, यू आर अ‍ॅक्चुअली डूइंग धिस?" मी म्हटलं, मी लाकडाचं काम करते, बंदुकीचं नाही. हे उत्तर तिला पटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. पण काम घेतलं. ऑगस्टच्या मंदीत आमच्या धंद्यात निवडत बसायची सोय नसते.

कंपनीचा मालक साठीचा, उंचापुरा, उन्हाने भाजून लाल झालेला गृहस्थ होता. आजोबांपासून शिकारीचा धंदा. बोलायला मोकळा, वेळेचा पक्का. स्टॉल उभारायच्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक बाई होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, डोक्याला फुलाफुलांचं फडकं, पायात साध्या रबरी चपला, हातात कापडी पिशवी. "आमच्या भागातल्या गावातून आल्यात," एवढंच त्याने सांगितलं. मी समजले, हस्तकलेच्या वस्तू विकायला आणलं असेल. कंपन्या असं करतात, स्टॉलला जरा जिवंतपणा येतो. मी आमचे म्हातारे सुतार, बारा वर्षं माझ्याकडे असलेले मिस्त्री, यांना सांगून मागच्या बाजूला, सामान ठेवायच्या खोलीच्या दाराशी त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि छोटं टेबल लावून घेतलं. बाईंनी मान हलवली आणि तिथे जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ती खुर्ची पुढे, मालकाच्या खुर्चीशेजारी होती. कोणी हलवली विचारलं, तर मिस्त्री म्हणाले की बाईंनी स्वतःच उचलून आणली.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाताने बोलावलं. भिंतीवर आम्ही शिकारीच्या क्षेत्राचा मोठा नकाशा लावला होता: हिरवा रंग, निळी नदी, कंपनीचे तीन कॅम्प. त्या नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "यात आमची गावं नाहीत." मी म्हटलं, नकाशा कंपनीने मंजूर केलाय, छापूनही झालाय, आता बदलता येणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा."

मी विचारायला गेले ते मनाशी हसतच. मालक फोनवर होता. मी सांगितलेलं त्याने ऐकलं, नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवर हात ठेवून म्हणाला, "त्या म्हणतात तसं करा," आणि पुन्हा बोलायला लागला.

एका पॅनेलच्या मंजुरीसाठी या माणसाने मला सात ईमेल करायला लावली होती.

बाईंनी माझ्या वहीत पाच गावांची नावं लिहून दिली, एकेक अक्षर सुटं. दुपारपर्यंत नवीन नकाशा छापून आला. मिस्त्रींनी तो चिकटवला तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एका गावावर बोट ठेवून म्हणाल्या, हे नदीच्या अलीकडे हवं. आम्ही तेवढा तुकडा कापून सरकवला.

प्रदर्शन सुरू झालं की माझं काम खरं तर संपतं, पण दिवे जातात, कोपरे सुटतात, म्हणून मी रोज एक फेरी मारते. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा स्टॉलवर कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बसलेलं होतं. वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ, अनेक देशांत धंदा असलेले. मालक त्यांच्यासमोर जरा वाकून बोलत होता. मला वाटलं, सापडला, खरा माणूस हाच. असल्या पाच-सहा गिऱ्हाइकांवर कंपन्या चालतात, ते म्हणतील तीच पूर्व दिशा.

त्यांना सिंह हवा होता. पुढच्या हंगामात, नदीपलीकडच्या भागात. मालक म्हणाला, बघूया, जमवू.

"या वर्षी त्या बाजूला सिंह नाही," बाई म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला वाटलं, त्या जनावरांची माहिती देतायत. ते म्हणाले, पण मागच्या वर्षी मी स्वतः दोन पाहिले होते. बाई म्हणाल्या, दोन आहेतच. एक तरुण आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याबरोबर या वर्षी पिल्लं आहेत. तो गेला तर बाहेरचा नर येऊन ती मारून टाकेल. आमच्या समितीने ठरवलंय. मालकाने घसा साफ केला. सरकारी कोट्यात एक सिंह शिल्लक आहे, असं तो चाचरत म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "कोटा सरकारचा आहे," त्या म्हणाल्या, "जमीन आमची आहे."

गिऱ्हाइकाने आणखी एकदोनदा विचारलं, रकमेचंही काही सुचवलं. बाईंनी दर वेळी तेवढ्याच शांतपणे नाही म्हटलं. शेवटी ते गृहस्थ हसले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." त्यांनी रानरेड्याची शिकार नक्की केली आणि उठले. मालकाने कपाळ पुसलं. त्याला राग आलेला दिसत होता, पण त्याने रानरेड्याचे कागद पुढे ओढले. बोलून उपयोग नव्हता हे त्याला माझ्या खूप आधी माहीत होतं.

त्या दिवशी मी बाईंना चहाला घेऊन गेले. खुर्ची मागे लावल्याबद्दल माफी मागायची होती. मी ती मागत होते तोवर त्यांनी चहात चार चमचे साखर घातली. मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: पाच गावांची मिळून जमीन, तिची एक निवडून आलेली समिती, त्या तिच्या प्रमुख. कंपनीचा करार काही वर्षांचा असतो आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे गावसभेत ठरतं. मेलेल्या जनावराचं मांस गावात वाटतात. कराराच्या पैशांतून राखणदारांचे पगार होतात, शाळेचं छप्पर झालं. हे नव्हतं तेव्हा लोक तारेचे फास लावायचे आणि गाय नेली म्हणून सिंहाला विष घालायचे.

"म्हणजे तुम्हाला शिकार मान्य आहे," मी म्हटलं.

"मी एकदाच बघितली. पुन्हा जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हो म्हणते, म्हणून हा माणूस मला विचारतो. उद्या तो गेला आणि दुसरं कोणी आलं, तर ते विचारतील की नाही, मला माहीत नाही."

मी म्हटलं, म्हणजे सगळा धंदा शेवटी तुमच्या हातात आहे. त्यावर त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. जंगलाच्या कडेला ज्यांची शेतं आहेत, त्या बायका मत देतात, त्यांच्या हातात आहे, असं त्या म्हणाल्या. "हत्तीने मका तुडवला की त्या पहाटे माझ्या दारात येऊन उभ्या राहतात." मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमच्याकडे तो म्हातारा सुतार आहे ना. तुम्ही काम सांगता, मग सगळे पुरुष त्याच्याकडे बघतात. त्याने मान हलवली की हात चालायला लागतात."

मला ते लागलं. मी मालकीण आहे, ट्रेड लायसन्स माझ्या नावावर आहे. पण परत येताना गाडीत आठवत गेले, तर बारा वर्षांत मिस्त्रींनी नको म्हटलेलं एकही डिझाइन आमच्याकडे उभं राहिलेलं नव्हतं. मला ते कळलं नव्हतं, कारण ते नको असं कधी म्हणायचेच नाहीत; "मॅडम, देखते हैं" म्हणायचे. पुढच्या महिन्यापासून मी त्यांना गिऱ्हाइकांच्या मीटिंगला माझ्या शेजारी बसवायला लागले. आता ते तिथेच काय ते सांगतात आणि आमची निम्मी दुरुस्ती वाचते.

प्रदर्शन संपल्यावर बाईंचं विमान दुसऱ्या संध्याकाळी होतं. त्यांना मिरची घ्यायची होती, सगळ्यात तिखट. मी म्हटलं, हे माझं खातं, आणि त्यांना देराच्या मसाल्याच्या बाजारात घेऊन गेले. मुलगीही आली. ती भांडायच्या तयारीने आली होती हे मला दिसत होतं. मेट्रोतून उतरल्या उतरल्या तिने बाईंना विचारलं, "बट हू आस्क्स द लायन?"

बाई चालता चालता थांबल्या. सिंहाला कोणी विचारत नाही, हे खरं आहे, असं त्यांनी सांगितलं. "माझ्या शेळ्यांनाही त्याने विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आजही मुलीला ते पटलेलं नाही, आणि मी पटवायला जात नाही. पण त्यानंतर बाईंची पिशवी तिनेच धरली.

दुकानात बाई लाल रंग बघून भुलल्या. मी म्हटलं, ती ब्याडगी, नुसती रंगाला. तुम्हाला लवंगी हवी. त्यांनी एक लवंगी मिरची मोडून जिभेला लावली, डोळ्यांतून पाणी आलं आणि समाधानाने मान डोलावली. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, होटल के लिए?" मी म्हटलं, "हाथी के लिए." हत्तीच्या लिदीत तिखट कालवून गोवऱ्या थापायच्या, वाळवायच्या आणि दिवस कलला की शेताच्या बांधावर पेटवायच्या. तो धूर हत्तीला सोसत नाही. आम्ही लवंगी दळून घेतली, तीन-तीन पिशव्यांत बांधली, तरी तिघी शिंकत शिंकत बाहेर पडलो.

महिन्याभराने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता. धूर छान झाला होता, हत्ती वळले होते, पण वळून ते नदीपलीकडच्या गावाच्या मक्यात शिरले होते आणि आता त्या गावाच्या बायका त्यांच्या दारात उभ्या होत्या. पुढच्या सभेच्या आत आणखी मिरची पाठवता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी मुलीला मेसेज ऐकवला. तिने तो दोनदा ऐकला आणि विचारलं, "हाउ मच डू दे नीड?"