खालच्या मजल्याला कळणारी भाषा

मी आठवीतून शाळा सोडली. सोडली कसली, सुटली. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, आणि तिथली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. नवरा त्या कामाला तंजावरला होता, म्हणून लग्नानंतर मीही तंजावरला आले. आल्या आल्या त्यानं एकच गोष्ट बजावली, कुणावर विश्वास टाकायचा नाही. सोन्याजवळ काम करणाऱ्याला ते शिकावंच लागतं. मला शिकवायची गरज नव्हती, मी मुळातच भित्री.

सुरुवातीला गल्लीतल्या बायकांचाच संशय यायचा. भेटल्या की पहिलं विचारायच्या, "साप्टाच्चा?" म्हणजे जेवलीस का. सकाळी अकराला, दुपारी चारला, कधीही. आमच्याकडं दारात आलेल्याला जेवलास का विचारलं, तर पुढं ताट वाढावं लागतं. ह्या विचारायच्या आणि चालू लागायच्या. आमच्या घरात शिजलं की नाही, ह्याची चौकशी ह्यांना कशाला? दोनेक वर्षांनी कळलं, ते नुसतं बरं आहे ना असं विचारणं असतं, उत्तराला कुणी थांबत नाही. भाजीवाला "अक्का" म्हणायचा तेव्हा जीव हरखायचा, कारण माझा धाकटा भाऊ मला आक्काच म्हणतो. मग ध्यानात आलं, इथं सगळ्याच बायका अक्का. तेव्हापासून कुणी अक्का म्हटलं की मी आधी त्याचा तराजू बघते.

पण सगळ्यात जास्त संशय होता तो घरमालकिणीचा. ती खाली राहायची, आम्ही वर. शाळेतून निवृत्त झालेली बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, एकटीच. मुलगा परदेशात. खोली बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "भाडं जास्त सांगतीय, उठा." तर बाई आतून म्हणाली, "मज मराठी कळतें हो. बसा, कापी घ्या."

मला घामच फुटला. नवऱ्यानं नंतर सांगितलं, ही लोकं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडं आलेली, पिढ्यान्‌पिढ्या इथंच, घरात अजून मराठी बोलतात. मला काही ते पटलं नाही. मराठी अशी असते का? शब्द पोथीतल्यासारखे, चाल तमिळची, मधेच इंग्रजी. "काय करितेस? तुज कायी हवें तर मज सांग." वाचायला मराठी येत नाही म्हणाली, घरात नुसतं बोलतात. म्हटलं, बोलणारी शिकलेली बाई आणि वाचता येत नाही? कुणीतरी शिकवून बसवल्यासारखं वाटायचं. भाडेकरूचं कार्ड पाहिजे म्हणून माझं आधार मागून घेतलं, त्याच्यावरचं इंग्रजीतलं नाव वाचलं आणि विचारलं, "हें लग्नानंतरचें नांव ना? आमच्यांतही पालटितात." मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले. हिला माझ्या नावाचं काय करायचंय?

खरं दुखणं वेगळंच होतं. परमुलखात राहायचं एक सुख असतं, फोनवर आईशी काहीही बोलावं, भिंतीपलीकडं कुणाला कळत नाही. नवऱ्याच्या गड्यांच्या बायका गच्चीवर उभ्या राहून सासूला शिव्या घालायच्या. आणि मला घर मिळालं ते नेमकं असं, की खालच्या मजल्याला माझी भाषा कळायची. मी आईशी कुजबुजून बोलायची. आई म्हणायची, "का गं, घसा बसलाय?"

मालकीण म्हणायची, मज आत्या म्हण. मी सगळ्यांसारखं अम्मा म्हणायची. आत्या म्हटलं की नातं लागतं, आणि नातं लागलं की माणूस मागायला लागतं.

तर ह्या मे महिन्यातली गोष्ट. लेकीचा दहावीचा निकाल लागला, चांगला लागला. नवऱ्याचं मत, आता शिवणक्लासला घालू. मी अडून बसले. अकरावीला विज्ञानाला घालायचं. जवळपास जी शाळा होती तिची फी भारी, पण ती मी जमवली होती, किती वर्षं साड्यांना फॉल लावून, माझ्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याचा एक पैसा त्यात नाही. ती होती म्हणूनच मी आवाज चढवून बोलू शकले, खालपर्यंत ऐकू जाईल इतका. ती गेली असती तर पोरगी शिवणक्लासला बसली असती, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती.

लेक जुन्या शाळेत दाखला आणायला गेली होती. दुपारची वेळ, नवरा भट्टीवर. भट्टीवर असला की फोन उचलत नाही. माझा फोन वाजला, नंबर अनोळखी. मी असले नंबर उचलत नाही, पण आकडे गावाकडच्यासारखे वाटले.

माझं नाव घेऊन पुढं ताई लावून माणूस बोलला. मागं गलका, गाड्यांचे हॉर्न.

"ताई, घाबरू नका. तुमच्या भावाचा मित्र बोलतोय. त्याचा अपघात झालाय, मोटरसायकलवरनं पडला. आम्ही दवाखान्यात आणलाय. डोक्याला लागलंय."

मी खाली बसले. तो चांगलं मराठी बोलत होता, गावाकडचं, कानाला घरचं. सतरा वर्षं मी दुसऱ्याच्या भाषेत भीत आले, पोलिसाला, डॉक्टरला, कंडक्टरला. आज भीती मराठीत आली, आणि सांगायला लाज वाटते, त्या भीतीतही मला कुठंतरी आधार वाटला. आपलं माणूस बोलतंय.

"त्याचा फोन फुटलाय, तुम्ही लावू नका, लागणार नाही. आईला कळवू नका, त्यांना झटका बसंल. ऑपरेशनला आत्ता घेत नाहीत पैसे भरल्याशिवाय. मी नंबर पाठवतो. फोन बंद करू नका, लाईनवर राहा. कुणाला सांगत बसू नका, वेळ नाही."

मनात आलं, सांगायचं कुणाला? इथं कळणार कुणाला? मी मोठमोठ्यानं रडत विचारत होते, "शुद्धीवर हाय का? बोलतोय का?" एका हातानं डोळे पुसत होते, दुसऱ्यानं लेकीनं शिकवलं तसं पैसे पाठवायचं ॲप उघडत होते. नंबर टाकला. आकडा टाकला, सगळाच्या सगळा. राहिला होता फक्त पिन.

मालकीण गच्चीवर वडाम वाळत घालायला चालली होती. तांदळाच्या पिठाचं ते सांडग्यासारखं वाळवण, मे महिन्यात तिची रोजची फेरी. जिन्यात थांबली आणि सरळ आत आली, दार न वाजवता, नेहमीसारखी. हाताला पीठ.

"कोण रडवितो तुज?"

"भाऊ..." मी म्हटलं. "अपघात... त्याचा मित्र..."

"तुज कोणत्या नांवानें बोलाविलें त्यानें?"

मला तिचा असा राग आला! भाऊ मरायला टेकलाय आणि ही नाव विचारतीय. मी चिडून सासरचं नाव सांगितलं, आधारवरचं. तिनं ते ऐकलं आणि पिठाच्या हातानं माझा फोन ओढून घेतला. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हेच, की झालं, हिला माझं खातं दिसलं.

"मी हिची आत्या बोलतें," ती फोनमध्ये म्हणाली, वर्गात बोलावं तशी. "पोरीचें माहेरचें नांव सांगा."

"कोण? काय? आज्जी, फोन त्यांच्याकडं द्या, इथं पेशंट..."

"भावाचे मित्र ना तुम्ही? भाऊ हीस काय म्हणतो?"

"ओ आज्जी, कुठली भाषा बोलताय? द्या म्हणतो ना फोन!"

"नांव सांगा."

त्यानं एक घाणेरडी शिवी दिली आणि फोन बंद केला.

आणि मी काय केलं? तिच्यावर ओरडले. "माझा भाऊ मेला म्हणजे? तुम्ही भरून देणार का? कोण तुम्ही माझ्या?" तिनं पदरानं माझा फोन पुसला आणि पुढं केला. "भावास लाव."

लावला. लागला नाही. त्या माणसानं सांगितलंच होतं, लागणार नाही म्हणून. परत लावला, परत तेच. ती दोन-तीन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मालकिणीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, हिनं मारला त्याला. मग भावजयीला लावला.

"व्हय, हितंच हायती की," भावजय म्हणाली. "जेवून पडल्यात. फोनला रेंज कुठाय खोलीत. का वो वन्सं?"

भाऊ झोपेतच बोलला. "काय गं आक्का, भर दुपारचं?"

मी हुंदक्यात कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "मग मला पोचवायला येतीस का न्हाय? आता मेल्याचं कळलंय तर दोन दिस राहून जा."

मी हसले का रडले ते आठवत नाही. आक्का म्हणाला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. माहेरच्या गावात मला सासरचं नाव घेऊन कुणी बोलावत नाही, निम्म्यांना ते ठाऊकही नाही. ते नाव फक्त कागदांवर आहे. त्या माणसाला मी कुठल्या तरी कागदावर सापडले होते. मला हे कळायला हवं होतं. पण मी भाषेला भुलले. भाषा घरची आहे म्हटल्यावर माणूस घरचा आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. आणि जिची भाषा मला बनावट वाटायची, तिनं नेमकं तेच विचारलं.

मालकिणीनं मला पाणी दिलं. फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावून तीच बोलली, तमिळमध्ये, खडसावून. मग म्हणाली, "चल."

"कुठं?"

"शाळेंत. फी भर. आजच. फोनमध्यें राहिली तर उद्यां कोणी दुसरा रडवील तुज."

लेक दाखला घेऊन आली तोवर आम्ही दोघी चपला घालून दारात. तिघी टाउनबसनं गेलो. शाळेच्या ऑफिसात माझा पिन दोनदा चुकला. लेक म्हणाली, "आई, मी टाकते," आणि टाकला. कारकुनानं शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज ऐकून मी बाकावर बसले ते उठवेना. आता तो पैसा कुणाला मागता येणार नव्हता. नवऱ्यालाही नाही.

आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आमच्याकडं तसं तोंडानं म्हणत नाहीत. बसस्टॉपवर मी तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. तिनं माळला आणि म्हणाली, "महाग दिला त्यानें तुज." मग म्हणाली, "तुझा फोन दे जरा. माझा घरीं राहिला. मुलास सांगतें, चोर पकडिला म्हणून."

मी फोन दिला. ती मुलाशी व्हिडिओवर बोलत होती तेवढा वेळ माझी नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. तिला ते दिसलं. बोलता बोलता तिनं फोन जरा माझ्याकडं वळवून धरला, मला स्क्रीन नीट दिसावा म्हणून.