हाळीवाले तात्या आणि कारखान्याची मोटार

हाळीवाले तात्या फुटबॉलचा सामना बघत नसत. त्याच्यावर रागवत असत. सामना सुरू होण्याआधी मैदानावर, सुरू झाल्यावर पंचावर, आणि आपली बाजू जिंकलीच तर जिंकायला इतका उशीर का लावला म्हणून आपल्याच पोरांवर. हा राग ते उभ्याने आणि मोठ्याने करत. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या कालव्याखालच्या एका साखर कारखान्यावर ते गाडीतळाचे राखणदार होते. उसाच्या गाड्या तिथे वजनाची वाट बघत उभ्या असत. मी वजनकाट्यावर कारकून होतो. वर्तमानपत्रात नोकरीला लागलो तो नंतर. तात्यांनी गाडीतळाच्या एका टोकाला हाळी दिली की दुसऱ्या टोकाचा झोपलेला गाडीवान उठून बैल जुंपायला लागे. तात्यांचे नाव विठोबा होते, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू येई.

तरुणपणी त्यांनी मेंढरे राखली होती. कालव्याचे पाणी आले, माळावर ऊस उभा राहिला, चरायला जागा उरली नाही, तेव्हा मेंढरे विकून ते कारखान्यावर आले. कळप गेला, पण दोन वस्तू त्यांनी ठेवल्या. एक आवाज आणि दुसरी वाघर. वाघर म्हणजे रात्री मेंढरे कोंडायला खुंट्यांवर ताणतात ती दोरखंडाची जाळी. कारखान्यातल्या फिटर आणि टर्नर मंडळींनी फुटबॉलचा संघ काढला तेव्हा गोलाला खांब होते, जाळी नव्हती. चेंडू खांबांमधून जाऊन थेट उसात शिरे आणि गोल झाला की नाही यावर भांडणे होत. तात्या एक दिवस वाघर खांद्यावर टाकून आले आणि त्यांनी ती खांबांना बांधली. "आता कोकरू आत गेलं तर दिसंल," म्हणाले. तेव्हापासून चेंडूला कोकरू म्हणायची आणि गोलाला वाघर म्हणायची आमच्याकडे पद्धत पडली. बारामतीचे लोक या भाषेला हसत. पुढे तेही तसेच बोलू लागले.

बारामतीशी वर्षातून एकदा ढालीचा सामना होई. बारामतीची माणसे भाड्याची सर्व्हिस मोटार करून येत. त्यांचा म्होरक्या रामभाऊ पानवाला. त्याचा पानमळा होता आणि तोंड कधी रिकामे नसे. तात्या आणि रामभाऊ मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहत.

"तात्या, तुमची पोरं पळत्यात का ऊस खुरपत्यात?" रामभाऊ विचारी.

"तुमच्या गोलवाल्याला आधी पान थुकाय सांगा," तात्या उलट ओरडत. "तोंड भरलंय, त्याला हाका मारता येईना!"

सामना संपला की रामभाऊ मैदान ओलांडून येई आणि तात्यांना पान देई. तात्या पान घेत आणि घेतानाही रागावलेलेच असत. "चुना जास्त हाय," म्हणत.

त्यांच्या रागाला एक शिस्त होती. एकदा आमच्या एका गड्याने चेंडू हाताने आत ढकलला. पंचाला दिसले नाही. आमचे सगळे लोक फेटे उडवत होते. तात्यांनी हाळी दिली, "खोटं हाय! हातानं घातलाय!" ते आपल्याच बाजूविरुद्ध ओरडले होते. पंचाने गोल रद्द केला आणि आम्ही हरलो. चार दिवस त्यांच्याशी कोणी बोलले नाही. त्यांना त्याचे काही वाटले नाही. "मेंढरू चोरून कळप वाढवायचा न्हाय," एवढेच म्हणाले.

हंगामात दुष्काळी भागातून गाडीवान येत आणि गाडीतळामागे पाचटाच्या कोप्या घालून राहत. त्यांतल्या गणूची मुलगी हौसा, चार-पाच वर्षांची. आईबाप उसात गेले की ती गाडीतळावर तात्यांजवळ असे. सामन्याला ती त्यांच्या खांद्यावर बसून येई. तात्यांनी हाळी दिली की मागून ती तशीच हाळी देई, बारीक आणि जरा चिरकी. "कोकरू वाघरीत घाला ओऽऽ" असे दोन आवाज एकामागोमाग यायचे. त्यावर बारामतीचे लोकही टाळ्या वाजवत. रामभाऊ तिच्यासाठी बडीशेप आणत असे आणि तिला फितवायचा प्रयत्न करी. "कुणाची गं तू? बारामतीची का न्हाय?" ती बडीशेप खाई आणि म्हणे, "न्हाय."

त्या वर्षीच्या सामन्याला ती आली नव्हती. तिला दोन दिवस ताप होता. तात्या एकटेच उभे होते आणि त्यांची हाळी अर्धी वाटत होती. कारखान्याने पाहुणे बोलावले होते. मैदानाच्या कडेला मांडव, खुर्च्या, सोड्याच्या बाटल्या. मांडवामागे चिंचेखाली कारखान्याची मोटार. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता आणि आम्ही एका गोलाने पुढे होतो, तेव्हा गणू घोंगडीत गुंडाळलेली पोर घेऊन मांडवाकडे आला. कारखान्याचे डॉक्टर तिथे बसले होते म्हणून तो तिथे आला. मीही पाहुण्यांच्या दिमतीला मांडवातच होतो. त्यामुळे पुढचे बोलणे मी ऐकलेले आहे.

डॉक्टरांनी हौसाचे तोंड उघडून उजेडाकडे धरले. श्वास घेताना तिच्या गळ्यातून करवतीसारखा आवाज येत होता. "घटसर्प आहे," ते म्हणाले. "यावर टोचायचं औषध इथं नाही. बारामतीला मिळेल. पण आत्ता निघायला हवं." त्यांनी मॅनेजरसाहेबांकडे पाहिले. "बैलगाडीनं जमणार नाही. मोटार द्यावी लागेल."

मॅनेजरसाहेब सामन्याकडे बघत होते. "बक्षीस समारंभ झाला की बघू," ते म्हणाले. "पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं आहे. आणि गाडीवान आपले नोकर नाहीत, डॉक्टर. ठेकेदाराचे आहेत. त्यांना विचारा."

ठेकेदार दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याने सोड्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली आणली नाही. एका पाहुण्याने घटसर्प शब्द ऐकून खुर्ची मागे सरकवली. डॉक्टर पुन्हा बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते. ते चांगले डॉक्टर होते.

गणू तसाच वळला आणि तात्यांकडे गेला. दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. तात्यांनी घोंगडीत डोकावून पाहिले आणि ते सरळ मैदानात चालू लागले.

पुढे जे झाले ते कुस्ती बघत वाढलेल्या माणसालाच सुचू शकते. गावच्या जत्रेत कुस्ती चिघळली, गडी जायबंदी व्हायची वेळ आली, की बघ्यांतला एखादा जाणता माणूस आखाड्यात उतरतो. दोघांच्या पाठीवर हात ठेवतो आणि कुस्ती सोडवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. फुटबॉलचेही तसेच असते अशी तात्यांची पक्की समजूत होती. ते खेळाडूंमधून गेले, चेंडू उचलला, कोकरू घेतात तसा काखेत धरला आणि मध्यभागी खाली बसले.

आमचे लोक खवळले. "तात्या, येड लागलं का? आपुन पुढं हाय!" बारामतीकडून रामभाऊ ओरडला, "हरायच्या भ्यानं कोकरू लपिवलं काय?" पंच शिटी वाजवत धावत आला. तात्या उठले आणि त्यांनी हाळी दिली. मैदानावर त्यापूर्वी किंवा नंतर मी तसा आवाज ऐकला नाही.

"गणूच्या हौसाचा गळा बंद व्हाय लागलाय! डाक्टर म्हन्तोय बारामतीला न्या. साहेबाची मोटार चिंचंखाली उभी हाय आन् साहेब म्हन्तोय बक्षीस झाल्यावर बघू! मोटार हालल्याबिगर खेळ न्हाय!"

घटसर्प आहे हे एव्हाना पसरले होते. काही बायकांनी आपली मुले मागे ओढली. मग आमच्या बाजूचा एक फिटर मैदानात येऊन तात्यांशेजारी बसला. मग गाडीवान आले. मग दोन्ही संघांचे खेळाडू बसले. मांडवातून एक कारकून निरोप घेऊन आला की मैदान मोकळे केले नाही तर कारखाना हरला असे जाहीर होईल. कोणी उठले नाही. चिंचेखालची मोटार हलली नाही.

रामभाऊ तोंडातले पान थुंकून मैदान ओलांडून आला. "तात्या, त्या मोटारीची वाट काय बघताय?" तो म्हणाला. "आमची न्हाय का? कोकरू खाली ठेवा, पोरगी उचला."

बारामतीच्या माणसांनी हँडल मारून सर्व्हिस मोटार चालू केली. पुढची अडचण रस्त्याची होती. हंगाम ऐन भरात होता आणि कारखान्यापासून मैलभर उसाच्या भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली. एका मोटारीलाही वाट नव्हती. गणू आणि त्याची बायको पोरीला घेऊन आत बसली, रामभाऊ ड्रायव्हरजवळ, आणि तात्या मोटारीच्या पायरीवर उभे राहिले. "गाड्या कडंला घ्या ओऽऽ! पोरगी मरतीया, गाड्या कडंला घ्या!" हाळी मोटारीच्या पुढे पळत होती. हाळीच्या मागून मैदानावरची माणसे पळत होती, दोन्ही बाजूंची. जिथे बैल हटेनात तिथे त्यांनी चाकांना खांदे लावले. एक गाडी कलंडून ऊस रस्त्यावर सांडला, तो आमच्या गोलवाल्याने आणि बारामतीच्या आघाडीच्या गड्याने मिळून ओढून काढला. रांग संपेपर्यंत ते सगळे पळाले.

बारामतीकरांना परत जायला मोटार उरली नव्हती. दिवसभर ऊस ओढलेले बैल गाडीवानांनी पुन्हा जुंपले आणि त्यांना घरी पोहोचवले. मांडवात बक्षीस समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. कारखान्याच्या प्रेक्षकांनी अडथळा आणला म्हणून ढाल बारामतीला देण्यात आली. ती घ्यायला बारामतीचा कप्तान गेलाच नाही. पाहुण्यांनी ढाल टेबलावर ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि ते मोटारीत बसून स्टेशनवर गेले.

हौसा वाचली. औषध वेळेत टोचले गेले, पण ती बरेच दिवस बारामतीत पडून होती. रामभाऊच्या ओळखीची घरे पाळीपाळीने गणूला भाकरी पोहोचवत. कोण कोणत्या गल्लीत राहतो एवढ्यापुरतेच हे लोक आधी एकमेकांना ओळखत होते. फुटबॉलमुळे त्यांचा घोळका झाला होता आणि तो घोळका आता दवाखान्याच्या ओट्यावर बसू लागला. पोरीचा आवाज मात्र घोगरा झाला तो झालाच.

तात्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढले आणि मैदानावर बंदी घातली. लोक त्यांना समजावत, पोर जगली ना, मग माफी मागून टाका. "जगली ती बारामतीच्या मोटारीनं," तात्या म्हणत. "ह्यांनी मारलीच हुती. ती मेली न्हाय म्हणून ह्यांचं चुकलं न्हाय, असं व्हत न्हाय." मी इतकी वर्षे बातम्या लिहिल्या. याहून अचूक वाक्य मी लिहिलेले नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा मांडव उभा राहिला. मॅनेजरसाहेबांनी पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला हौसाला उभे केले होते. अंगात नवा झगा. गणूला पुन्हा हंगाम हवा होता, तो नाही म्हणू शकला नाही. साहेब भाषणात म्हणाले, "गेल्या वर्षी कारखान्याने एका गरीब गाडीवानाच्या मुलीचे प्राण वाचवले. ती ही मुलगी." पाहुणे टाळ्या वाजवू लागले.

मैदानाला लागून कालव्याचा भराव आहे. तो सरकारचा, कारखान्याचा नाही. तिथून हाळी आली.

"खोटं हाय!"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. आणि मांडवातून, सवयीने, मागोमाग दुसरी हाळी गेली, घोगरी आणि बारीक. "खोटं हाय ओऽऽ!" हौसाने गुच्छ टेबलावर टाकला आणि ती मैदानातून भरावाकडे पळत सुटली. तात्यांनी तिला खांद्यावर घेतले. रामभाऊ आपल्या बाजूने उठला आणि भरावावर चढला. त्याच्यामागे बारामतीचे लोक, मग आमचे लोक. त्या दिवशी सामना झाला, पण बघणारे सगळे भरावावर होते. खाली खुर्च्यांवर फक्त पाहुणे.

खेळ संपल्यावर तात्या बंदी मोडून एकदाच मैदानात उतरले. त्यांनी खांबांची वाघर सोडली, गुंडाळली आणि खांद्यावर टाकून नेली. कोणी अडवले नाही.

मी त्यांना शेवटचे भेटलो ते इंदापूरकडच्या त्यांच्या गावी. ते अंथरुणाला खिळले होते. वाघर खुंटीला होती. ते आजारी पडण्याआधी जाळी परत मागायला कारखान्याचा माणूस येऊन गेला होता, नवी नोकरी देतो म्हणाला होता. तात्यांनी त्याला पाणी दिले आणि वाटेला लावले. आवाज आता खाटेच्या पलीकडे जात नव्हता. हौसा चुलीजवळ बसून त्यांच्यासाठी पेज ढवळत होती. गणू हंगामावरून जाताना तिला इथे ठेवून गेला होता.

मी म्हणालो, "तात्या, आता तरी राग सोडा."

"सोडला आस्ता," ते म्हणाले. "पर सायेब अजून तेच सांगत्यात."