साक्षीचा पहिला भाग

अनोळखी माणसाच्या दारात जाऊन आपला विश्वास सांगायचा तर आधी साक्ष तयार पाहिजे, हे मला चंद्रपूरला ख्रिस्ती प्रार्थनेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये कळलं. साक्ष म्हणजे आपलं स्वतःचं सांगणं. तिचे तीन भाग. प्रभू भेटण्याआधी आपण कसे होतो, प्रभू कसा भेटला आणि त्यानंतर काय बदललं. सगळं थोडक्यात आटपायचं, कारण लोकांना कामं असतात. शिकवणारी ताई सिरोंचाकडची, बोलता बोलता तेलुगूत जायची आणि परत मराठीत यायची. ती म्हणायची, देवाबद्दल लोक वाद घालतात, पण तुमच्या आयुष्याबद्दल तुमच्याशी कोण वाद घालणार?

मला ते फार पटलं. घरी जाऊन पाठ करायला बसले आणि पहिल्याच भागात अडकले.

त्याचं असं की माझ्या पहिल्या भागात काही नव्हतंच. आमच्या गटातले एक दादा दारूपायी शेत घालवून बसले होते. एका बाईंना सासरच्यांनी करणी करते म्हणून घराबाहेर काढलं होतं. खुद्द ताईचा नवरा तिला मारायचा, एकदा तर हात मोडला होता. ही माणसं उभी राहून बोलायला लागली की हॉलमध्ये कोणी खोकतही नसे. आणि मी? घुग्घुसच्या बौद्ध घरातली मुलगी. वडील कोळशाच्या खाणीत, आई घरी शिवणकाम करते. पंचशील आमच्याकडे भिंतीवर टांगायला नव्हतं, पाळायला होतं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली, राहिली आणि उठली. बाबांनी ना आधी घेतली, ना बंदीत चोरून घेतली, ना नंतर. पगार झाला की ते जिलेबी आणायचे, एवढंच त्यांचं व्यसन. मला गटातल्या लोकांच्या वाईट दिवसांचा चक्क हेवा वाटायला लागला. त्याची लाजही वाटली, पण पहिल्या भागात सांगावी इतकी मोठी ती लाजही नव्हती.

मग प्रभू मला भेटला तरी कसा? तेही धड सांगता येत नाही. मी घरून रोज जाऊन-येऊन चंद्रपूरला औषधांच्या दुकानात काम करते. तिथली मैत्रीण मला एकदा बुधवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली. तिचं मन राखायला म्हणून मी गेले. कोणीतरी डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मी रडायला लागले. कुठे दुखत नव्हतं, कोणी गेलं नव्हतं, नोकरी नीट चालली होती. तरी रडले, आणि रडून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की पुढच्या बुधवारी आपली आपणच गेले. यात सांगण्यासारखा चमत्कार कुठे आहे? पण ते खरं होतं आणि अजूनही खरं आहे. त्याबद्दल मला ठामपणे एवढंच म्हणता येतं.

घरी सांगितलं तेव्हा आई बोलत सुटली आणि बाबा गप्प झाले. मला त्यांचं गप्प होणं जास्त लागलं. दर पौर्णिमेला विहारात बोलणारा, वर्षावासात गावोगाव ग्रंथवाचनाला जाणारा माणूस, आणि त्याच्याच पोरीनं दुसरीकडे मान तुकवावी. बरेच दिवस गेल्यावर एकदा जेवताना ते एवढंच म्हणाले, "तुह्या आज्यानं दीक्षा घेतली, घरचे देव नदीत सोडले, तवा त्यानं कोनाले इचारलं नाई. मी तुले कोन्या तोंडानं अडवू?" ती परवानगी होती, पण आनंदानं दिलेली नव्हती. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

ताईला मी माझी अडचण सांगितली. ती चिडली नाही. म्हणाली, नीट शोध, अंधार सगळ्यांच्या आयुष्यात असतो. आधीचं सांगितलं नाहीस तर नंतरचं लोकांना कसं कळणार? तिचंही बरोबरच होतं. मी शोधला. शेजारच्यांच्या चिंचा चोरल्या होत्या. खोटं बोलून पिक्चरला गेले होते. चुलत बहिणीला चांगलं स्थळ आलं तेव्हा मनातून जळले होते. एवढं भांडवल घेऊन जिवतीचा डोंगर चढायचा? रविवारी तिकडच्या एका गावात जायचं ठरलं होतं, आणि पहिल्या घरात मीच बोलायचं हेही ठरून गेलं होतं. शेवटी मी सगळ्यांच्या साक्षीत असतं ते वाक्य उचललं आणि पाठ करायला लागले. मी आधी अंधारात होते.

वाक्य सोपं होतं, पण म्हटलं की डोळ्यांपुढे आमचं घर यायचं. मी दुसरीकडे कुठे राहिलेच नव्हते. मग अंधार होता तो याच घरात, बाबांच्या छायेत. हे सांगायचं तर चार परक्या माणसांत बापाला खाली पाडायचं. न सांगावं तर मला काय मिळालं ते सांगता येत नाही. प्रभूचं खरं मानायचं म्हणजे बापाचं खोटं ठरवायलाच पाहिजे का? मला कळत नव्हतं आणि कोणाला विचारायची हिंमतही होत नव्हती.

शनिवारी बाबा पहिल्या पाळीवरून आले, आंघोळ करून चहा प्यायले. मी आरशासमोर पुटपुटत होते. ते दारात उभं राहून ऐकत होते, हे मला उशिरा दिसलं. म्हणाले, आरसा काय सवाल करन? मले सांग, मी अनोळखी.

मला वाटलं चिडवताहेत. पण ते खरंच बाहेर जाऊन अंगणात खुर्चीवर बसले आणि कोणी ओळखीचं नसल्यासारखे रस्त्याकडे बघायला लागले. मी फाटकाबाहेर गेले आणि परत आत आले. "या बाई, बसा. कोन्या गावच्या?" बापाच्या तोंडून स्वतःला बाई म्हटलेलं ऐकून मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. मी समोर बसले, प्रभूचं नाव घेतलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"कोन्या अंधारात होत्या बाई?"

अगदी परका माणूस विचारेल तसं त्यांनी विचारलं. मग आणखी खोदून विचारायला लागले, तसं मी नाटक सोडून त्यांना सगळं सांगून टाकलं. साक्षीचे तीन भाग, गटातल्या लोकांचं दुःख, ताईचं म्हणणं, माझा रिकामा पहिला भाग. ते गुडघा चोळत ऐकत होते.

"असं कर," शेवटी ते म्हणाले, "सांग का बाप दारू पेत होता. घरी मारझोड करत होता. तिकडं जिवतीले मले कोन वळखते?"

आत आईची शिलाई मशीन थांबली. "मंग मी काय दारुड्याची बायको झाले?" बाबा म्हणाले, एका दिवसापुरती हो. आई बाहेरच आली. नवरा पीत नाही हे बहिणींना ऐकवण्यात तिचा जन्म गेला होता. मग दोघांचा भाव ठरायला लागला. आई दारूपर्यंत आली, पण मारझोड तिनं काढून टाकायला लावली. मला हात लावायची याची छाती होती का, असं तिचं म्हणणं. मी हसत होते आणि हसता हसता मला काय होतंय ते समजेना.

कारण परक्या लोकांना जाऊन सांगायचं ते मुळात हेच होतं. प्रभूनं स्वतःचा नसलेला दोष आपल्यासाठी अंगावर घेतला. महिनाभर मी ते घोकत होते. आणि त्यातला एक शब्दही न मानणारा माणूस, नखांत कोळसा तसाच असलेला, माझ्यासमोर बसून तेच करत होता, तेसुद्धा माझी साक्ष लंगडी पडू नये म्हणून. हे बाबांना सांगावंसं फार वाटलं. पण त्यांना ते आवडलं असतं की त्यांच्या मायेलाही मी माझ्या देवाच्या खात्यात टाकते आहे असं वाटलं असतं, ते ठरेना. मी एवढंच म्हटलं की मी खोटं बोलणार नाही. "मंग खरं सांग," म्हणाले आणि भाजी आणायला निघून गेले. जसं काही खरं काय ते मला माहीतच होतं.

रविवारी त्यांनीच मला मोटरसायकलवर चंद्रपूरला सोडलं. जीपमध्ये ताईनं धीर दिला, माझ्यासाठी प्रार्थना केली. पण गाडी जिवतीच्या घाटाला लागली तेव्हा माझ्या डोक्यात पाठ केलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

पहिल्या घरी एक म्हातारी अंगणात कापसातला कचरा वेचत बसली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं. ताईनं आम्ही कुठून आलो, कशाला आलो ते सांगितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सुरुवातच भलतीकडून केली. म्हटलं, आजी, माझे वडील बौद्ध आहेत, दारूला शिवत नाहीत. मग बुधवारचं रडणं, ते अंधाराचं वाक्य, अंगणातली खुर्ची आणि बाबा काय म्हणाले ते, सगळं जसं आठवेल तसं, मागचं पुढे पुढचं मागे करत सांगितलं. तीन भागांचा कुठे पत्ता नव्हता.

म्हातारीचे हात थांबले होते. "म्हंजे पोरीसाठी बाप दारुड्या व्हाले तयार झाला?"

मी हो म्हटलं.

"मंग तुले अजून काय पायजे होतं, माय?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कापूस बाजूला सारून तिनं मला जवळ बसायला जागा केली. ताई काहीतरी बोलेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ताईही हातातलं पुस्तक मिटून माझ्याकडेच बघत होती. उत्तर तिलाही ऐकायचं होतं.